टोक्सोप्लाझ्मा: आयजीएम पॉझिटिव्ह आला म्हणजे लागण अलीकडचीच असते का?

कोरी_पाटी | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार. मला गरोदरपणाचा अकरावा आठवडा सुरू आहे. नेहमीच्या तपासण्यांबरोबर डॉक्टरांनी टॉर्च ही, गर्भाला बाधू शकणाऱ्या रोगांसाठीची, रक्ततपासणी करून घेतली आणि तिच्यात टोक्सोप्लाझ्मा या परजीवीच्या रकान्यात आयजीजी आणि आयजीएम ही दोन्ही प्रतिपिंडे (अँटीबॉडी) पॉझिटिव्ह आली आहेत. आयजीजी १८६ आंतरराष्ट्रीय एकके प्रति मिलिलिटर आहे आणि आयजीएमचा निर्देशांक १.९ आहे. त्याच्यापुढे ‘१ पेक्षा अधिक असल्यास पॉझिटिव्ह’ असे छापलेले असून आकडा लाल अक्षरांत आहे. त्याखाली स्पष्टीकरणाची एक ओळही नाही. गेल्या काही महिन्यांत ताप आल्याचे किंवा मानेला गाठी आल्याचे मला आठवत नाही. डॉक्टरांचे म्हणणे असे की आयजीएम आहे त्या अर्थी लागण अलीकडची असू शकते, म्हणून तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासू आणि तोवर स्पायरामायसिन हे औषध सुरू करण्याचा विचार करू.

उपचाराबद्दल मी डॉक्टरांशीच बोलेन. मला इथे समजून घ्यायचे आहे ते एवढेच, की लागण कधी झाली हे रक्ताच्या एका नमुन्यावरून ओळखता येते का, आणि येत असेल तर कोणत्या तपासणीने. दोन दिवसांत इतके वाचून झाले आहे की आता वाचलेले एकमेकांशीच भांडू लागले आहे.

मांजरमावशी | सोमवार, रात्री ११:०५

घरात तीन मांजरी असल्यामुळे या रोगावरून मी आजवर पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत, म्हणून कुणी ‘आधी मांजर बाहेर काढा’ असा सल्ला देण्यापूर्वीच लिहून टाकते. मांजराच्या विष्ठेतून या परजीवीच्या पुटी बाहेर पडतात हे खरे आहे. पण त्या सहसा मांजराला पहिल्यांदा लागण होते तेव्हाच, साधारण एक ते तीन आठवडे पडतात, आणि बाहेर पडल्यावरही लागण करण्याजोग्या होण्यास त्यांना एक ते पाच दिवस लागतात. म्हणून वाळूचा ट्रे रोजच्या रोज आणि गरोदर स्त्रीने सोडून दुसऱ्या कुणी साफ करावा, एवढे पुरते. अर्धवट शिजलेले मांस, न धुतलेल्या भाज्या, बागेतली माती आणि दूषित पाणी यांच्याकडे मात्र कुणी संशयाने पाहत नाही, कारण त्यांना मिशा नसतात.

माझी स्वतःची तपासणी दोनदा झाली आहे आणि दोन्ही वेळा आयजीजी निगेटिव्ह आला आहे.

सूक्ष्मदर्शी | सोमवार, रात्री ११:५०

मी बावीस वर्षे सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम केले आहे आणि हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे की थोडे सविस्तर लिहितो.

परजीवी शरीरात शिरल्यावर साधारण आठवडाभरात आयजीएम दिसू लागतो आणि एक ते दोन आठवड्यांत आयजीजी. आयजीजी पुढचे एक-दोन महिने चढत जातो, मग सावकाश उतरतो, पण जन्मभर पूर्णपणे जात नाही. इथपर्यंत सगळे सरळ आहे. घोटाळा होतो तो आयजीएमच्या बाबतीत, कारण बहुतेक रोगांमध्ये आयजीएम म्हणजे ताजी लागण असे आपल्याला शिकवलेले असते आणि टोक्सोप्लाझ्मा हा नियम पाळत नाही. काही जणांच्या रक्तात आयजीएम काही महिन्यांत मावळतो, तर काहींच्या रक्तात वर्षभर, आणि क्वचित त्याहून कितीतरी अधिक काळ रेंगाळतो. शिवाय काही किटांमध्ये तो नसतानाही पॉझिटिव्ह दिसतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये डॉक्टरांना मुद्दाम इशारा दिला होता, की आयजीएमच्या किटचा एकटा निकाल हा गर्भवतीच्या लागणीचा पुरावा म्हणून धरू नये.

त्यामुळे आयजीएमचा खरा उपयोग उलट बाजूने होतो. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत आयजीजी पॉझिटिव्ह आणि आयजीएम निगेटिव्ह असेल, तर लागण जुनी आहे असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. दोन्ही निगेटिव्ह असतील, तर लागण कधीच झालेली नाही आणि पुढे सांभाळायला हवे. आयजीएम एकटाच पॉझिटिव्ह असेल, तर दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त घ्यायचे. आयजीजी उगवला तर लागण खरी, नाही उगवला तर तो आयजीएम खोटा. राहिली ती तुमची परिस्थिती, दोन्ही पॉझिटिव्ह. तिचा अर्थ एवढाच की आणखी तपासणी हवी. ती तपासणी म्हणजे आयजीजी ॲव्हिडिटी.

आकडेमोड | मंगळवार, सकाळी ७:१५

सूक्ष्मदर्शी यांचा प्रतिसाद उत्तम आहे, परंतु एक शंका आहे. १८६ हा आकडा बराच मोठा वाटतो. आयजीजी चढत जातो आणि मग उतरतो असे आपणच म्हटले आहे, तर मोठा आकडा म्हणजे शिखराजवळचा काळ, म्हणजेच अलीकडची लागण, असा अंदाज बांधता येणार नाही का?

सूक्ष्मदर्शी | मंगळवार, सकाळी ८:३०

नाही येणार. शिखराची उंची माणसागणिक बदलते; एखाद्याचा आकडा दहा वर्षांनीही दोनशेच्या घरात असतो, तर एखाद्याचा दोन महिन्यांतच पन्नासावर येऊन थांबतो. एकके आंतरराष्ट्रीय असली तरी दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या किटांवर एकाच नमुन्याचे आकडे वेगळे येतात, आणि आयजीएमचा निर्देशांक तर त्या त्या किटच्या घरचाच हिशेब असतो. म्हणून आकडा किती आहे यापेक्षा तो बदलतो आहे का, हे पाहायचे असते. त्यासाठी दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने घेतलेले दोन नमुने एकाच प्रयोगशाळेत, एकाच दिवशी, एकाच किटवर शेजारी शेजारी लावावे लागतात. पहिला रिपोर्ट एका ठिकाणचा आणि दुसरा दुसऱ्या ठिकाणचा घेऊन आकडे ताडून पाहणे म्हणजे दोन वेगळ्या काट्यांवर वजन करून माणूस बारीक झाला असे म्हणण्यासारखे आहे.

कोरी_पाटी | मंगळवार, सकाळी ९:१०

मनापासून आभार. आमच्याकडे मांजर नाही आणि कधी नव्हते, त्यामुळे मांजरमावशी, तुमच्या तिघी निर्दोष सुटल्या आहेत. ॲव्हिडिटी हा शब्द माझ्या डॉक्टरांच्या तोंडी आला नव्हता. त्या तपासणीत नेमके काय मोजतात?

उंबरठा | मंगळवार, दुपारी २:२०

मी इथे सहसा लिहीत नाही, पण हा धागा सकाळपासून तीन वेळा उघडला आणि मिटला.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी याच टप्प्यावर होते. नववा आठवडा, दोन्ही पॉझिटिव्ह, आणि समोर बसलेल्या डॉक्टरांचे एकच वाक्य, की तुमचे वय लहान आहे, धोका कशाला पत्करता. दुसरा नमुना घेतला गेला नाही, ॲव्हिडिटीचे नाव निघाले नाही, आणि मीही काही विचारले नाही. तो गर्भ आम्ही ठेवला नाही. दोन वर्षांनी पुन्हा मूल हवे असे ठरल्यावर दुसऱ्या डॉक्टरांनी तीच तपासणी केली, तेव्हाही आयजीएम पॉझिटिव्हच होता, जवळजवळ तेवढाच. त्यांनी शांतपणे सांगितले की काही लोकांच्या रक्तात तो वर्षानुवर्षे राहतो, आणि तुम्ही त्यांपैकी एक दिसता.

याचा अर्थ पहिल्या वेळची लागण जुनीच होती असा होत नाही, हे मला कळते. ती तेव्हा ताजी असेल किंवा त्याआधी कित्येक वर्षांची असेल. ते आता कुणालाही सांगता येणार नाही, कारण तो नमुना कुणी जपून ठेवला नाही.

मांजरमावशी | मंगळवार, दुपारी २:४५

उंबरठाताई, तुम्ही लिहिलेत हे फार मोठे काम केलेत. आणखी काही बोलत नाही.

सूक्ष्मदर्शी | मंगळवार, दुपारी ४:००

उंबरठाताईंच्या प्रतिसादाला उत्तर देण्याइतके शब्द माझ्यापाशी नाहीत. पण त्या एकट्या नाहीत, हे सांगणे आवश्यक आहे. कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे टोक्सोप्लाझ्मासाठी संदर्भ प्रयोगशाळा आहे. बाहेरच्या प्रयोगशाळांनी आयजीएम पॉझिटिव्ह ठरवलेल्या ८११ गरोदर स्त्रियांचा अभ्यास तिने २००१ मध्ये प्रसिद्ध केला. फेरतपासणीत त्यांपैकी सुमारे ६० टक्के स्त्रियांमध्ये अलीकडच्या लागणीची चिन्हे आढळली नाहीत. निकालाचा अर्थ तज्ज्ञाने डॉक्टरांना नीट समजावून सांगितल्यामुळे अनावश्यक गर्भपात साधारण निम्म्याने कमी झाले, असा त्या अभ्यासाचा निष्कर्ष होता.

कोरी_पाटी, ॲव्हिडिटीबद्दल रात्री लिहितो. पण त्याआधी तुम्हाला एक काम करायचे आहे, आणि ते आजच. ज्या प्रयोगशाळेत तुमचे रक्त तपासले तिथे फोन करून उरलेले रक्तजल (सीरम) फेकू नका असे सांगा. बहुतेक ठिकाणी नमुना काही दिवस थंड ठेवतात आणि मग टाकून देतात. अकराव्या आठवड्यातला तो नमुना तुमच्या दृष्टीने पुढच्या कोणत्याही नमुन्यापेक्षा मोलाचा आहे. तो उणे २० अंशांवर गोठवून ठेवायला सांगा आणि कुपीवर रक्त घेतल्याची तारीख आहे ना, हेही विचारा.

जुनी_वही | मंगळवार, सायंकाळी ६:३०

नमुन्याचा विषय निघालाच आहे, तर थोडे मागे जातो. विषयांतर वाटल्यास सोडून द्यावे. हा परजीवी १९०८ मध्ये ट्युनिस येथे निकोल आणि मान्सो यांना गुंडी नावाच्या उंदरासारख्या प्राण्यात सापडला, आणि त्याच वर्षी ब्राझीलमध्ये स्प्लेंडोरे यांना सशात. धनुष्यासारख्या बाकामुळे ग्रीक भाषेतील धनुष्यवाचक शब्दावरून त्याचे नाव पडले.

रक्ततपासणी मात्र त्यानंतर चाळीस वर्षांनी, १९४८ मध्ये, सेबिन आणि फेल्डमन यांनी शोधली. तिच्यात जिवंत परजीवी रुग्णाच्या रक्तजलात मिसळतात, त्यात प्रतिपिंडांना साहाय्य करणारे पूरक घटक घालतात आणि मग मिथिलीन ब्लू हा निळा रंग. रक्तजलात प्रतिपिंडे नसतील तर परजीवी धडधाकट राहतात आणि गडद निळे होतात. प्रतिपिंडे असतील तर परजीवींचे कवच फुटते आणि ते फिकट, रंगहीन दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली निळे किती आणि फिकट किती, हे मोजत बसायचे. तिच्यासाठी जिवंत परजीवी सांभाळावे लागत असल्याने ती जगात मोजक्याच ठिकाणी होते. परंतु नव्या किटांची पारख आजही तिच्याशीच ताडून केली जाते.

आकडेमोड | मंगळवार, सायंकाळी ७:०५

म्हणजे ज्याचा रंग उडाला त्याच्यामुळे रुग्ण पॉझिटिव्ह. रिपोर्ट हाती आल्यावर रुग्णाचाही रंग उडतो, हा योगायोग नसावा.

सूक्ष्मदर्शी | मंगळवार, रात्री १०:१५

आता ॲव्हिडिटी. लागण झाल्यावर शरीर सुरुवातीला जी आयजीजी प्रतिपिंडे बनवते, त्यांची परजीवीवरची पकड सैल असते. महिने जातात तशी अधिकाधिक घट्ट पकडीची प्रतिपिंडे तयार होत जातात. प्रतिपिंडे किती आहेत हे आयजीजीच्या आकड्यावरून कळते, तर ती किती घट्ट धरतात हे ॲव्हिडिटीवरून. टोक्सोप्लाझ्मासाठी ही पद्धत फिनलंडमधील हेडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये मांडली.

प्रत्यक्षात आम्ही काय करतो तेही सांगतो. प्लास्टिकच्या पट्टीत छोटे खळगे असतात आणि त्यांच्या तळाशी परजीवीची प्रथिने चिकटवलेली असतात. एकाच रुग्णाचे रक्तजल शेजारच्या दोन खळग्यांत घालायचे. प्रतिपिंडे तळाशी चिकटली की एक खळगा साध्या द्रावणाने धुवायचा आणि दुसरा युरियाच्या तीव्र द्रावणाने. युरिया सैल पकड सोडवतो, घट्ट पकड त्याला सुटत नाही. नंतर रंग देणारे द्रव्य घातले की दोन्ही खळगे निळे होतात आणि आम्ल घालून क्रिया थांबवली की पिवळे. नमुना जुन्या लागणीचा असेल, तर दोन्ही खळग्यांतला पिवळा जवळजवळ सारखा दिसतो, आणि यंत्रात पट्टी घालण्यापूर्वीच आमच्या लक्षात आलेले असते. सैल पकडीच्या नमुन्यात युरियाचा खळगा पाण्यासारखा फिकट राहतो. या दोन रंगांचे गुणोत्तर म्हणजे ॲव्हिडिटी. हे उदाहरण आमच्या हातच्या पद्धतीचे आहे. स्वयंचलित यंत्रांत तपशील बदलतात, तत्त्व तेच राहते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ॲव्हिडिटी जास्त आली, तर गेल्या तीन ते चार महिन्यांत लागण झालेली नाही असे म्हणता येते. नेमके किती, ते किटवर अवलंबून असते.

गाठोडे | बुधवार, सकाळी ११:२०

आणि ॲव्हिडिटी कमी आली तर लागण ताजी, असेच ना? माझ्या बाबतीत तसेच सांगितले गेले होते. मानेच्या मागच्या बाजूला गाठी आल्या, तीन आठवडे झाले तरी जाईनात, आणि मी मनातल्या मनात कर्करोगापर्यंत पोहोचलो होतो. आयजीजी आणि आयजीएम पॉझिटिव्ह, ॲव्हिडिटी कमी. निदान टोक्सोप्लाझ्माचे झाले आणि काही महिन्यांत गाठी औषधाशिवाय विरल्या.

सूक्ष्मदर्शी | बुधवार, दुपारी १२:४५

गाठोडे यांचे निदान बरोबर असण्याचीच शक्यता अधिक आहे, कारण त्यांना लक्षणेही होती. पण त्यांचा नियम बरोबर नाही, आणि तो चुकीचा समजला गेला तर एखाद्या गरोदर स्त्रीचे नुकसान होऊ शकते. काही जणांमध्ये पकड घट्ट व्हायला फार वेळ लागतो. ॲव्हिडिटी वर्षभर, कधी त्याहूनही अधिक काळ कमी राहते. गरोदरपणात किंवा औषध सुरू असताना ती आणखी रेंगाळू शकते. म्हणून जास्त ॲव्हिडिटीतून ठाम निष्कर्ष निघतो आणि कमी ॲव्हिडिटीतून फक्त शंका उरते. तपासणी एकाच दिशेने बोलते.

गाठोडे | बुधवार, दुपारी १:३०

जुनी फाईल काढून पाहिली. तुमचे म्हणणे खरे आहे. ॲव्हिडिटीखाली डॉक्टरांच्या अक्षरात ‘दुसरा नमुना पाहिजे’ अशी ओळ आहे, जी मी विसरलो होतो. पहिल्या नमुन्यात प्रतिपिंडे १:६४ पर्यंत विरळ केल्यावर दिसत होती आणि तीन आठवड्यांनंतरच्या नमुन्यात १:१०२४ पर्यंत, आणि दोन्ही नमुने एकाच वेळी लावले होते असे खाली लिहिले आहे. निदान त्यावरून झाले असावे.

सूक्ष्मदर्शी | बुधवार, दुपारी १:४०

सोळापट वाढ. चौपट झाली तरी पुरावा मानतात.

तर्ककुशल | बुधवार, रात्री ९:००

एवढा गोंधळ टाळण्याचा सोपा मार्ग म्हणजे प्रत्येक गरोदर स्त्रीची सुरुवातीलाच आणि नंतर ठरावीक अंतराने तपासणी करणे. ऑस्ट्रियाने १९७० च्या दशकाच्या मध्यापासून हे केले. फ्रान्समध्ये १९७८ पासून तपासणीची सक्ती आली आणि १९९२ पासून निगेटिव्ह असलेल्या गर्भवतींची दर महिन्याला तपासणी करण्याची पद्धत सुरू झाली. निगेटिव्ह असलेली स्त्री पुढच्या महिन्यात पॉझिटिव्ह झाली की लागण केव्हाची हा वादच उरत नाही. निगेटिव्हचा पॉझिटिव्ह होणे यापेक्षा पक्का पुरावा दुसरा नाही, हे सूक्ष्मदर्शी मान्य करतील.

सूक्ष्मदर्शी | बुधवार, रात्री १०:२०

पुराव्याबद्दल पूर्ण सहमत आहे, उपायाबद्दल नाही. फ्रान्समध्ये केवळ तपासणी नव्हे, तर पॉझिटिव्ह आल्यानंतरची सगळी साखळी आहे: संदर्भ प्रयोगशाळा, जपून ठेवलेले नमुने, गर्भजलाची तपासणी आणि बाळाचा पाठपुरावा. ही साखळी नसताना नुसती तपासणी सरसकट केली, तर उंबरठाताईंना जे भोगावे लागले तेच अनेकींना भोगावे लागेल. ब्रिटननेही सरसकट तपासणी स्वीकारलेली नाही.

तर्ककुशल | बुधवार, रात्री १०:४५

साखळी नाही म्हणून तपासणी नको, असे म्हटले तर साखळी कधीच उभी राहणार नाही. फ्रान्समधील लियाँ येथील १९९९ च्या अभ्यासानुसार तेराव्या आठवड्यात लागण झाल्यास ती बाळापर्यंत जाण्याची शक्यता सुमारे ६ टक्के असते आणि छत्तिसाव्या आठवड्यात सुमारे ७२ टक्के. आईला बहुधा काही लक्षण नसते. मग न तपासता हे कळणार कसे?

सूक्ष्मदर्शी | बुधवार, रात्री ११:१०

त्याच अभ्यासाची दुसरी बाजूही सांगायला हवी: लागण जितकी लवकर, तितकी ती बाळापर्यंत जाण्याची शक्यता कमी; पण गेली तर इजा अधिक गंभीर. म्हणूनच पहिल्या तिमाहीत कोणता निष्कर्ष काढला जातो याला इतके महत्त्व आहे. आपले मतभेद राहू द्या. आपल्या दोघांचेही एका गोष्टीवर एकमत आहे, की तपासणी करायचीच असेल तर ती लवकर करावी.

सावली | गुरुवार, सकाळी ८:५०

थोडा वेगळा मुद्दा आहे, चालेल अशी आशा आहे. माझ्या भावाचे मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले, त्याआधी त्याचाही टोक्सोप्लाझ्मा आयजीजी केला होता आणि तो पॉझिटिव्ह होता. तेव्हा ताजी लागण की जुनी असा प्रश्न कुणी काढलाच नाही. असे का?

सूक्ष्मदर्शी | गुरुवार, सकाळी ९:३०

कारण तिथे प्रश्न वेगळा असतो. जुनी लागण झालेल्या माणसाच्या स्नायूंत आणि मेंदूत परजीवी पुटीच्या रूपात निपचित पडून असतो आणि प्रतिकारशक्ती दाबली गेली की तो जागा होऊ शकतो. म्हणून तिथे आयजीजीला एवढेच विचारायचे असते, की परजीवी घरात आहे का. जागा झाला तरी आयजीएम बहुतेक वेळा उगवत नाही, त्यामुळे त्याच्यावर विसंबून राहता येत नाही.

केशवपन | गुरुवार, दुपारी ३:१५

सदस्यनामावरून ओळखले असेलच, केस गळतात म्हणून मी बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेत होतो. रक्त देण्यापूर्वी त्या बंद करायला सांगितले, तेव्हा मला हसू आले होते. नंतर कळले की काही किटांची रचनाच बायोटिनवर उभी असते आणि रक्तात ते फार असेल तर निकाल खोटे येऊ शकतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये त्याबद्दल इशाराही दिला आहे. कोरी_पाटी, तुम्ही अशा गोळ्या घेत असाल तर प्रयोगशाळेला सांगा. केस मात्र परत आले नाहीत.

सूक्ष्मदर्शी | गुरुवार, दुपारी ३:४०

उपयुक्त माहिती. त्यात भर घालतो: अलीकडे रक्त किंवा इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातली प्रतिपिंडे) चढवले असेल, तर दुसऱ्याच्या शरीरातला आयजीजी आपल्या रिपोर्टमध्ये दिसू शकतो. नवजात बाळातही तेच होते. आईचा आयजीजी वारेतून बाळाकडे जातो आणि तो पूर्णपणे जायला सुमारे वर्ष लागते. आयजीएम आणि आयजीए (आणखी एक प्रकारचे प्रतिपिंड) वार ओलांडत नाहीत, म्हणून बाळात ते शोधतात.

कोरी_पाटी | गुरुवार, सायंकाळी ५:५५

मंगळवारीच प्रयोगशाळेत फोन केला होता, पण काल आणि आज प्रत्यक्ष जाऊन आल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते. पहिल्या दिवशी फोनवर सांगितले गेले की नमुने सात दिवस ठेवतो आणि तुमचा परवा जाईल. काल गेले तेव्हा खिडकीवरच्या मुलीने शीतकपाटातून रॅक बाहेर काढून शोधले. कुपी होती, तळाला बोटाच्या पेराएवढे पिवळसर रक्तजल होते, पण चिकटपट्टीवर फक्त क्रमांक होता, तारीख नव्हती. मी आग्रह धरल्यावर तिने पेनने तारीख लिहिली आणि नोंदवहीतल्या नोंदीशी जुळवूनही दाखवली. आज त्यांनी ती गोठवल्याचे कळवले.

डॉक्टरांना ॲव्हिडिटीबद्दल विचारले. त्या रागावल्या नाहीत. उलट म्हणाल्या, की पहिला नमुना शिल्लक असेल तर दोन्ही नमुने एकत्रच मोठ्या प्रयोगशाळेत पाठवू. स्पायरामायसिन मात्र त्यांनी सुरू केले आहे. त्याने निकाल बिघडेल का?

सूक्ष्मदर्शी | गुरुवार, सायंकाळी ६:२०

पहिला नमुना गोळ्यांच्या आधीचा आहे, त्यामुळे त्याच्या ॲव्हिडिटीला धक्का लागणार नाही. गोळ्या डॉक्टर सांगतील तोपर्यंत घ्या.

कोरी_पाटी | पंधरवडा उलटून, शुक्रवार, रात्री ८:३०

चौदाव्या आठवड्यात दुसरा नमुना दिला, दोन्ही नमुने एकाच वेळी लावले गेले आणि आज निकाल आला. त्यांच्या किटवर आयजीजी पहिल्या नमुन्यात १४२ आणि दुसऱ्यात १३८. आयजीएम दोन्हींत जेमतेम पॉझिटिव्ह. अकराव्या आठवड्यातल्या नमुन्याची ॲव्हिडिटी जास्त आहे.

डॉक्टरांनी फोनवर वाचून दाखवले आणि मी त्यांना तो शब्द दोनदा म्हणायला लावला.

आकडेमोड | शुक्रवार, रात्री ८:५०

हिशेब करू द्या, एवढेच माझे काम आहे. अकरावा आठवडा शेवटच्या पाळीपासून मोजतात, म्हणजे प्रत्यक्ष गर्भधारणेला तेव्हा साधारण ९ आठवडे झाले होते. जास्त ॲव्हिडिटीचा अर्थ किमान तीन महिने, म्हणजे सुमारे १३ आठवड्यांत लागण नाही. १३ मधून ९ वजा केले की ४ उरतात. सर्वांत कडक हिशेबानेही लागण गर्भधारणेच्या महिनाभर आधीची किंवा त्याहून जुनी ठरते. आणि १८६ वरून मी बांधलेला अंदाज मागे घेतो.

सूक्ष्मदर्शी | शुक्रवार, रात्री ९:०५

हिशेब बरोबर आहे. हाच निकाल तिसाव्या आठवड्यातल्या नमुन्याचा असता, तर वजाबाकी उलटी आली असती आणि पहिल्या तिमाहीबद्दल काहीच सांगता आले नसते. आकडेही स्थिर आहेत. १४२ आणि १३८ यांतला फरक किटच्या नेहमीच्या चढउतारात मोडतो. गोळ्यांचे काय करायचे ते डॉक्टर ठरवतील.

उंबरठा | शुक्रवार, रात्री ९:४०

बरे वाटले. कुपीवर तारीख लिहून घेतलीत ते फार चांगले केलेत.

पहिलटकरीण | रविवार, सकाळी १०:१०

नमस्कार, मी येथे नवीन आहे. शोधताना हा धागा सापडला. माझाही टोक्सोप्लाझ्मा आयजीजी आणि आयजीएम पॉझिटिव्ह आला आहे आणि कालपासून झोप लागलेली नाही. काय करू?

कोरी_पाटी | रविवार, सकाळी १०:१४

रक्त कितव्या आठवड्यात घेतले होते, आणि तो नमुना अजून प्रयोगशाळेत आहे का?